वह्यांचं ऋण आणि गाडीचं कोटेशन

पत्र

नमस्कार. आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. आबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. २०१९ च्या महापुराचं पाणी ओसरलं तेव्हा सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका मोटारींच्या शोरूमचे मालक आपले मेकॅनिक घेऊन आमच्या गावात आले होते. चार दिवस चिखलात उभं राहून त्यांनी कुणाची मोटारसायकल, कुणाचा टेम्पो, कुणाची जीप धुऊन, ऑइल बदलून सुरू करून दिली. मजुरीचा एक रुपया घेतला नाही. तेव्हापासून दर जूनमध्ये शाळेतल्या सगळ्या पोरांना त्यांच्याकडून वह्या येतात, गणपतीत त्यांचं रक्तदान शिबिर असतं. आबांनी तेव्हाच शब्द दिला होता, "गाडी घेईन तर तुमच्याकडूनच."

आता ती वेळ आली आहे. आईला गुडघ्यांसाठी सारखं मिरजेला न्यावं लागतं. मी सांगलीत स्टाफ नर्स आहे, सहा लाखांचं कर्ज मी काढणार आहे. शोरूमच्या कोटेशनमध्ये पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम किंमत ८,४०,०००, रोड टॅक्स ९२,४००, विमा ४६,२००, हँडलिंग चार्जेस ७,५०० आणि ॲक्सेसरीज किट १८,९०० असं लिहिलंय. हेच मॉडेल कोल्हापूरचा डीलर किट आणि हँडलिंगशिवाय देतो, आणि विमा मी बाहेर विचारला तर ३३,८०० सांगतात. एकूण फरक ३८,८०० रुपयांचा. सेल्समन म्हणतो, किट सगळ्यांनाच घ्यावं लागतं, आणि बाहेरचा विमा घेतला तर कॅशलेस मिळणार नाही. आबांना हे दाखवलं तर ते म्हणाले, "तो माणूस आपल्या दारात गुडघाभर चिखलात उभा होता. त्याच्याशी तू घासाघीस करणार? आणि उद्या वह्या बंद झाल्या तर?" आबांच्या शब्दावर गावातल्या तिघांनी तिथूनच गाड्या घेतल्यात. दोन दिवस झाले, आम्ही एकमेकांशी धड बोललेलो नाही. आबांना दसऱ्याला गाडी दारात हवी आहे. आमची २०१३ ची जुनी गाडी तिथेच एक्स्चेंजमध्ये द्यायची आहे. माझं काही चुकतंय का?

एक मुलगी, पलूस तालुका

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा तुमच्या जागी बसून आणि एकदा आबांच्या. दोघांचंही पटलं. महापुराचे ते चार दिवस खरे आहेत आणि कोटेशनमधले ३८,८०० रुपयेही खरे आहेत. एका खात्यातलं देणं दुसऱ्या खात्यातून फेडायला निघाल्यामुळे तुमच्या घरात अबोला आलाय. चिखलातल्या कामाची परतफेड रबरी मॅट आणि सीट कव्हर विकत घेऊन होत नाही. माझं मत आधीच सांगते. गाडी शक्यतो त्याच शोरूममधून घ्या, पण हे कोटेशन मान्य करू नका. बोलणी सेल्समनशी न करता मालकांशी करा, आणि आबांना सोबत घेऊनच करा.

आबांना हे वाचून दाखवणार असाल तर पुढचा भाग सावकाश वाचा. त्या मालकांनी जे केलं त्याची त्यांच्यावर बहुधा कुणाची सक्ती नव्हती. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एका आकड्याला पोचतो, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात. आपल्याकडची पुष्कळ शोरूम्स घरच्या भागीदारीत चालतात, आणि भागीदारी फर्मला हे कलम लागू होत नाही. मोठ्या कंपन्यांनाही जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व या खर्चात दाखवता येत नाही, हे २०२१ च्या नियमदुरुस्तीत स्पष्टच केलंय. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणचा एखादा डीलर आपल्या पगारी माणसांचे चार दिवस दुसऱ्याच्या गावात घालवतो, तेव्हा ते त्याच्या मनातून आलेलं असतं. आबांच्या डोळ्यांतला आदर योग्यच आहे.

वह्या आणि रक्तदान शिबिर यांत थोडी जाहिरात असते. वहीच्या मागच्या पानावर शोरूमचं नाव असतं, मंडपाशेजारी नवी गाडी उभी असते. मला त्यात वावगं वाटत नाही. रक्त खरंच कुणाच्या तरी अंगात जातं आणि वही खरंच भरते. पण डीलरच्या समाजकार्याकडे बघताना मी एक गोष्ट नेहमी शोधते. त्याच्या धंद्यातलं ज्ञान त्यात उतरलंय का? माझ्या माहितीतल्या एका डीलरनी गळीत हंगामात आपल्या वर्कशॉपची पोरं रात्री साखर कारखान्याच्या गेटवर उभी केली आणि उसाच्या ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना मागून लाल रिफ्लेक्टर चिकटवून दिले. अंधारात मागचा दिवा नसलेली ट्रॉली, वर बाहेर आलेला ऊस, आणि मागून येणारा मोटारसायकलवाला, या दृश्याचा शेवट कुठे होतो हे स्टाफ नर्सला मी काय सांगणार? हंगामात तुमच्या कॅज्युअल्टीत तो रोज येत असेल. रिफ्लेक्टरची पट्टी वहीपेक्षा फार महाग नाही. तुमच्या गावात महापुरानंतर जे झालं तेही याच जातीचं काम होतं. ज्याला इंजिन कळतं त्यानेच ते उघडून वाचवलं. आबांचा त्या घरी एवढा मान आहे तर रिफ्लेक्टरचं काम त्यांनी जरूर सुचवावं. वह्या बंद होण्याची भीती त्यांच्या मनात आहे, त्याबद्दल एवढंच म्हणते, की एका घराने सीट कव्हर घेतलं नाही म्हणून ज्या वह्या थांबतील ती देणगी नव्हतीच, तो बयाणा होता. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तो माणूस असा वाटत नाही.

मग इतक्या चांगल्या माणसाच्या शोरूममधून असं कोटेशन का येतं? गाडीची एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते आणि त्यात डीलरच्या हातात फार थोडं उरतं. इमारत, कामगार, स्टॉकसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज, हे सगळं निघतं ते वर्कशॉप, ॲक्सेसरीज, विमा आणि कर्जाच्या कमिशनमधून. त्यामुळे सेल्समनला महिन्याला अमुक इतकी किट, अमुक इतके विमे असं टार्गेट असतं. तुमच्याशी बोलणारा तो पोरगा आपली नोकरी सांभाळतोय, त्याच्यावर रागावू नका. आणि गावाला डीलर धड असणं किती गरजेचं असतं हेही विसरू नका. शेवरोले गाड्या बनवणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. कंपन्या गेल्या, गाड्या मात्र लोकांच्या दारात राहिल्या, आणि सुटे भाग, सर्व्हिस यांसाठी त्यांचे मालक स्थानिक वर्कशॉपच्याच तोंडाकडे बघत राहिले. म्हणूनच दोन-चार हजारांच्या फरकासाठी मी तुम्हाला कोल्हापूरला पाठवणार नाही. वॉरंटी कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते, त्यामुळे तिकडून घेतलेल्या गाडीचीही सर्व्हिसिंग सांगलीत होईल. पण ज्याच्याकडून गाडी घेतली त्याच्याकडे हक्काने बोलता येतं, ही आपल्याकडची रीत आहे. ३८,८०० हा मात्र दोन-चार हजारांचा फरक नाही.

आता कोटेशन ओळीने बघू.

रोड टॅक्स बरोबर आहे. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के लागतो, ८,४०,००० वर ९२,४०० च होतात. त्यावर वाद घालू नका.

हँडलिंग चार्जेस म्हणजे स्टॉकयार्डातून गाडी शोरूममध्ये आणणं, धुणं, पुसणं. सरकारच्या कोणत्याही फीच्या यादीत हे नाव नाही. विकायची वस्तू दुकानात आणण्याचा खर्च दुकानदाराचा असतो. ही ओळ पूर्ण काढायला सांगा.

किटबद्दल सेल्समनने "सगळ्यांनाच घ्यावं लागतं" म्हटलं, ते चुकीचं आहे. एक वस्तू हवी असेल तर दुसरीही घ्यावीच लागेल, अशी अट घालणं हे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये गैर व्यवहारांच्या व्याख्येतच दिलंय. किटमधल्या वस्तूंची यादी किमतींसकट मागा. मॅट आणि मडफ्लॅप बहुतेकांना लागतात, ते सुटे घ्या. बाकीच्याची गरज सहा महिन्यांनी कळेल.

विमा जरा समजून घ्या, कारण तिथे घाई केली तर तुमचंच नुकसान होऊ शकतं. नव्या गाडीच्या विम्यात दोन भाग असतात. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा भाग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. त्याचा दर ठरवून दिलेला आहे, कुठूनही घेतला तरी सारखाच. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग एका वर्षाचा घेता येतो, त्याचा दर कंपनीगणिक बदलतो. तुमचे १२,४०० रुपये या दुसऱ्या भागात आणि त्यावरच्या ॲड-ऑनमध्ये, म्हणजे जादा कव्हरमध्ये दडलेत. म्हणून दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवा आणि आधी आयडीव्ही बघा, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर कंपनी किती रक्कम धरेल तो आकडा. नव्या गाडीला तो एक्स-शोरूमच्या ९५ टक्के, तुमच्या बाबतीत ७,९८,००० च्या आसपास हवा. बाहेरच्या कंपनीने तो कमी धरून हप्ता उतरवला असेल तर ती बचत खोटी आहे. मग ॲड-ऑन जुळवा. झिरो डेप दोन्हीकडे आहे का? तो नसेल तर अपघातानंतर प्लॅस्टिकच्या आणि रबरी भागांचे अर्धे पैसे तुमच्या खिशातून जातात.

आणि तुमच्या गावासाठी तर इंजिन प्रोटेक्ट हवंच. पुरात गाडी बुडाली तर नुकसान साध्या विम्यात येतं. पण पाणी शिरलेल्या गाडीला कुणी सेल मारला आणि इंजिन बसलं, तर हे कव्हर नसताना इंजिनचा दावा बहुतेक वेळा नाकारला जातो. कृष्णाकाठी राहणाऱ्या माणसाने हजार-दोन हजार वाचवायला ही ओळ काढू नये. कव्हर असलं तरी बुडालेल्या गाडीला सेल मारायचा नाही, ढकलत किंवा टो करून वर्कशॉपला न्यायची, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

कॅशलेसचं, म्हणजे दुरुस्तीचे पैसे विमा कंपनीने परस्पर वर्कशॉपला देण्याचं म्हणाल, तर ते विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्या करारावर असतं. ज्या कंपनीचा विमा घेणार तिच्याकडून सांगलीतल्या कॅशलेस गॅरेजची यादी घ्या. त्याच शोरूमच्या वर्कशॉपचं नाव त्यात असेल तर सेल्समनचा मुद्दा संपला. नसेल तर त्याचं म्हणणं खरं आहे आणि थोडे पैसे जास्त देणं परवडेल. विमा आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती डीलरला करता येत नाही, विमा नियामकाने २०१७ मध्ये डीलरांसाठी जी नियमावली आणली त्यात हे आहे. पण मला विचाराल तर बाहेरचं कोटेशन मालकांसमोर ठेवा आणि सगळ्या कव्हरसकट याच्या जवळ येता का, असं विचारा. बहुतेक डीलर येतात.

गाडी कुणाच्या नावावर घेणार हे पत्रात नाही, आणि त्यावर बरेच पैसे अवलंबून आहेत. जुनी गाडी आबांच्या नावावर असेल आणि ओळीने पाच वर्षं दावा केला नसेल, तर त्यांच्या खात्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस जमा आहे. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. आबांच्या नावावर नवी गाडी घेतली तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात तेवढी सूट मिळते. तुमच्या नावावर घेतली तर ती मिळत नाही. कर्ज तुम्ही काढत असलात तरी आबांना सहकर्जदार करून गाडी त्यांच्या नावावर करता येईल का, हे बँकेत विचारा. जुनी गाडी देताना आधीच्या विमा कंपनीकडून बोनसचं पत्र घ्या, तीन वर्षं चालतं. हा बोनस कोटेशनमध्ये धरलेला दिसत नाही, आणि आबांनी स्वतः कधी मागितला नसेल अशी मला दाट शंका आहे.

कर्जाचं थोडक्यात. शोरूममध्ये बसलेला फायनान्सवाला "९ टक्के" म्हणाला की फ्लॅट की रिड्यूसिंग, एवढं विचारा. फ्लॅटमध्ये शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज लागतं, रिड्यूसिंगमध्ये फेडून उरलेल्या रकमेवर. सहा लाख, पाच वर्षं, रिड्यूसिंग ९ टक्क्यांनी हप्ता १२,४५५ च्या घरात येतो. तेच फ्लॅट ९ टक्क्यांनी १४,५०० होतो. पाच वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास फरक पडतो, तुमच्या किटच्या सहापटीहून जास्त. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाआधी केएफएस (की फॅक्ट स्टेटमेंट) नावाचं एक पत्रक द्यावंच लागतं, त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. ते हातात आल्याशिवाय सही करू नका. तुमचा पगार ज्या बँकेत होतो तिथे आधी विचारून या.

जुन्या गाडीचे पैसे वळते झाले की लोक ती विसरतात. तसं करू नका. आरटीओच्या कागदावर नाव आबांचं असेपर्यंत त्या गाडीच्या अपघाताची जबाबदारी त्यांच्यावर येऊ शकते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसा निकाल दिलाय. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरच्या ताब्यात गाडी दिल्याचं फॉर्म २९-सी भरून आरटीओला कळवायचं असतं. त्याची प्रत घेऊनच किल्ली द्या.

दसऱ्याचं मात्र मला जरा सांगू द्या, कारण तिथे माझा हात पोळलाय. माझी पहिली गाडी आमच्या घरच्या ओळखीच्या शोरूममधून घेतली होती. पाडव्याचा दिवस, चाळीसेक गाड्या रांगेत, हार, पेढे, फोटो, आणि मागे पुढच्या गाडीचं कुटुंब ताटकळत उभं. मी एकही कागद वाचला नाही. ओळखीच्या माणसाकडे कागद वाचत बसणं मला बरं दिसेना. पाच वर्षांनी विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याने फॉर्म २१, म्हणजे शोरूमने दिलेला विक्रीचा दाखला काढून दाखवला. गाडी मी घेतली त्याच्या आदल्या वर्षीच्या सुरुवातीला बनलेली होती, म्हणजे वर्षभराहून जास्त काळ यार्डात उभी होती. किंमत तिथेच पडली. विकणाऱ्याने सांगितलं नाही हे खरं, पण तो कागद पाच वर्षं माझ्याच कपाटात होता.

म्हणून दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी, पासिंगचे कागद जाण्यापूर्वी, भरदुपारी यार्डात जाऊन तुमचीच गाडी बघा. चॅसी नंबर लिहून घ्या, नंतर बिलावर तोच आला पाहिजे. फॉर्म २१ मध्ये कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली ते येतं, बुकिंगच्या वेळीच ते विचारा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाचही टायर बघा, स्टेपनीसुद्धा. किलोमीटर किती झालेत, रंगात कुठे फरक आहे का, दारांच्या फटी सारख्या आहेत का, हे उन्हात दिसतं, शोरूमच्या दिव्यांखाली दिसत नाही. सगळं ठीक असेल तरच पासिंगला होकार द्या. नंबर पडल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका, कायमचा किंवा तात्पुरता नंबर न देता गाडी ताब्यात देणं डीलरलाच नियमाने मना आहे. दसऱ्याला मग फक्त पूजा आणि नारळ उरेल, आबांचा मुहूर्तही साधेल.

पैसे फर्मच्या खात्यावर भरा, प्रत्येक पावती घ्या. सेल्समनच्या मोबाईलवर बुकिंगचे पाच हजारसुद्धा टाकू नका. आणि आबांनी घरात ठेवलेले रोख पैसे द्यायचे म्हटलं तर त्यांना थांबवा, एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं २०१७ पासून कायद्याने बंद आहे.

आता मालकांना भेटायचं. आबांना तिथे अवघडल्यासारखं होईल. त्यांना एवढं आठवण करून द्या की त्यांनी शब्द दिला तो गाडी घेण्याचा. किटचा, विम्याचा, हँडलिंगचा शब्द कुणी मागितला नव्हता आणि त्यांनी दिलाही नव्हता. शिवाय त्यांच्या शब्दावर तिघांनी गाड्या घेतल्यात. त्या तिघांच्या बिलातही या ओळी असाव्यात असं मला वाटतं. मास्तरांनी सांगितलं म्हणून गावाने विश्वास टाकला, आणि त्या विश्वासावर काउंटरवरचा माणूस किट विकतोय. मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात जास्त लागलं ते हेच. चिखलात उतरलेल्या मालकाला आपल्या काउंटरवर काय चालतं हे कदाचित माहीतही नसेल. कुणी तरी त्याला सांगायला हवं, आणि आबांइतका योग्य माणूस दुसरा नाही.

कामाच्या दिवशी सकाळी जा, शनिवार-रविवार टाळा. आबांनी आधी महापुराची आठवण काढावी, मनापासून आभार मानावेत. मग तुम्ही दोन्ही कोटेशनं टेबलावर ठेवा आणि म्हणा, "आम्हाला गाडी तुमच्याकडूनच घ्यायची आहे. या तीन ओळींचं काय करता ते सांगा." पुढे गप्प बसा. हँडलिंग गेलं, किट ऐच्छिक झालं आणि विमा बाहेरच्याच्या तीन-चार हजारांत आला, तर तिथेच बुकिंग करा. किंमत, रंग, डिलिव्हरीची तारीख आणि बुकिंग रद्द केलं तर किती परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या. त्या तिघांच्या पैशांबद्दल त्याच बैठकीत बोलू नका. आधी त्यांची बिलं बघा, मग आबांनी एकट्याने जाऊन बोलावं.

मालकांनी ऐकलं नाही तर कोल्हापूरला जा, फक्त तिथे एमएच १० चं, म्हणजे सांगलीचं पासिंग करून देतात का ते आधी विचारा. आणि वाचलेल्या पैशांतले काही आबांच्या हाताने शाळेला द्या, महापुरातल्या मदतीची आठवण म्हणून. तक्रार करायचीच वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तुमच्या रकमेच्या गाडीसाठी फी दोनशे रुपये पडते. पण दहा-बारा वर्षं जिथे सर्व्हिसिंगला जायचंय तिथे ही पायरी अगदी शेवटी.

आबांशी आजच बोला. कोटेशन बाजूला ठेवून आधी त्या चार दिवसांबद्दल विचारा, कुणाची कोणती गाडी वाचली, काय काय झालं. तुम्ही तेव्हा बहुधा ड्युटीवर असाल, तुम्हाला सगळं ठाऊक नसेल. हिशेबाचं नंतर निघेलच.

आणि टेस्ट ड्राइव्हला आईला न्या. गाडी तिच्यासाठी घेताय. तिला तीनदा चढायला-उतरायला लावा, मागेही आणि पुढेही. सीट फार खाली असेल तर गुडघ्यांना उठताना कळ लागते, आणि ती शोरूममध्ये कुणासमोर बोलून दाखवणार नाही, तुम्हालाच चेहऱ्याकडे बघावं लागेल. मागच्या सीटचा पट्टा तिला स्वतःच्या हाताने लावता आणि काढता येतो का, तेही बघा.